आयरिश ट्यूनला गिटारची साथ करायचीय? आधी उजवा हात बसव

कॉर्ड्सची काळजी नंतर कर रे, आधी उजवा हात. रील आणि जिग हे आयरिश नाचाच्या ट्यूनचे प्रकार; रील चार-चार ठोक्यांची सरळ असते, ती पटकन जमते, पण जिग 6/8 मध्ये, म्हणजे तीन-तीन ठोक्यांच्या दोन गटांत असते आणि तिथेच सगळे अडकतात, कारण स्ट्रोक डाऊन-अप-डाऊन, डाऊन-अप-डाऊन असा मारायचा, म्हणजे दोन डाऊन लागोपाठ येतात आणि हात सवयीने अप मारायला जातो. तारा म्यूट करून हळूहळू घोटून घे, पहिल्या आणि चौथ्या ठोक्यावर वजन दे.

ट्यूनिंग डीएडीजीएडी (जाड तारेपासून बारीक तारेपर्यंतचे स्वर) करून बघ. सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन फ्रेटएवढी उतरवायची, मग नुसता तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट दाबलास की डी कॉर्ड तयार, त्यात मेजर-मायनर ठरवणारा स्वरच नाही, त्यामुळे ट्यूनशी भांडण होत नाही. बॉथी बँड या आयरिश बँडचा गिटारवादक मीहॉल ओ डोनल याच ट्यूनिंगमध्ये वाजवायचा, त्याला ऐकच!

बऱ्याच ट्यून मोडल असतात, म्हणजे नेहमीच्या मेजर-मायनरपेक्षा जरा वेगळ्या स्वरमालेत. त्यातल्या ई डोरियनला ई मायनर आणि डी एवढ्यावरही भागतं, ए मिक्सोलिडियनला ए आणि जी. पण ट्यून आधी गुणगुणता आली पाहिजे, आठ बारचा पहिला (ए) भाग दोनदा मग दुसरा (बी) दोनदा, हे डोक्यात नसेल तर कॉर्ड कुठे बदलायची ते कळणारच नाही.

आणि सेशनमध्ये, म्हणजे सगळे मिळून वाजवतात त्या बैठकीत, आधीच एक गिटार चालू असेल तर आपली खाली ठेव, दोघांच्या कॉर्ड्स वेगळ्या पडल्या की फिडलवाल्यांचे हाल होतात. तो गिटारवाला थांबला की विचारून घे.