पोटभर मासे, डॉक्टर, जीव लावणारे ट्रेनर: मग डॉल्फिनच्या शोमध्ये गैर काय?

तुम्ही विचारलंय की शोमधल्या डॉल्फिनला, ऑर्काला (म्हणजे किलर व्हेलला) किंवा सी लायनला वेळच्या वेळी मासे मिळतात, दिमतीला डॉक्टर असतो, शार्कची भीती नसते, ट्रेनरही जीव लावतात. मग करमणुकीसाठी त्यांना टँकमध्ये ठेवलं तर बिघडलं कुठे? आणि असे शो बघायला जावं की नाही?

माझ्या मते बिघडतं, आणि व्हेल-डॉल्फिनच्या बाबतीत तर निगा कितीही उत्तम असली तरी बिघडतं. तुम्ही मांडलेल्या गोष्टी मी नाकारत नाही. चांगल्या संस्थांमधले बॉटलनोज डॉल्फिन आता समुद्रातल्या डॉल्फिनांइतकी वर्षं जगतात, असं अभ्यासांतून दिसलंय. शिकवताना चाबूक नसतो. सगळं शिट्टी आणि मासा यांवर चालतं. बहुतेक ट्रेनर या कामात येतात तेच या प्राण्यांच्या वेडापायी. म्हणूनच 'तिथे त्यांचे हाल करतात' एवढ्यावर विरोध उभा करणं मला पटत नाही. उद्या कुणी मोठा टँक, ताजे मासे आणि निष्णात डॉक्टर आणून दाखवला की तो विरोध संपला. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. या प्राण्याचं आयुष्य ज्या गोष्टींनी बनतं त्या टँकमध्ये मावतच नाहीत, आणि आपल्या अर्ध्या तासाच्या मजेसाठी त्या काढून घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

ऑर्काचंच घ्या. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमन खाऊन जगणारे जे ऑर्का आहेत, त्यांच्यात मुलगा असो की मुलगी, पिल्लू आईला कधीच सोडून जात नाही. मोठा झालेला, आईपेक्षा आडवातिडवा वाढलेला नरसुद्धा जन्मभर तिच्याच कळपात राहतो. मादीला ठरावीक वयानंतर पिल्लं होणं थांबतं, पण त्यापुढेही ती कित्येक वर्षं जगते आणि मासे कमी असलेल्या वर्षांत कळपाला वाट दाखवते. आई मेली तर पुढच्या वर्षभरात तिचा प्रौढ मुलगा मरण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. प्रत्येक कळपाच्या हाका वेगळ्या असतात, आणि त्या पिल्लं मोठ्यांकडून शिकतात. थोडक्यात, एकटा ऑर्का हे निसर्गात नसलेलं प्रकरण आहे. आपण टँकमध्ये आणतो ते नेमकं हेच.

आणलं कसं, हेही तपशिलात माहीत असायला हवं. ऑगस्ट 1970 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह इथे बोटी, विमान आणि पाण्यात फोडलेले स्फोटक बार वापरून ऑर्कांचे कळप खाडीत कोंडले गेले. जाळी लावून पिल्लं आयांपासून वेगळी केली. सात पिल्लं विकली गेली. काही जाळ्यात अडकून बुडून मेली. त्यांची पोटं फाडून आत दगड भरले, म्हणजे मृतदेह तळाशी राहतील आणि बोभाटा होणार नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांतले काही किनाऱ्याला लागले आणि लोकांना कळलं. त्या पट्ट्यातली ही धरपकड 1976 साली थांबली, पण तोवर एका अख्ख्या पिढीतली पिल्लं गेली होती. त्या समूहात आजही 75 च्या आतबाहेरच ऑर्का उरलेत. आता त्यांना सॅमनची टंचाई आणि प्रदूषणही भोवतंय, पण पाया तेव्हाच खचला.

त्या सात पिल्लांतली एक टोकिटे. शोमध्ये तिचं नाव लोलिता ठेवलं होतं. मायामीच्या सीक्वेरियम या मत्स्यालयात ती पन्नासहून जास्त वर्षं राहिली. तिचा टँक साधारण 24 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद, सर्वांत खोल जागी सहा मीटर. ती स्वतः सुमारे सहा मीटरची होती. म्हणजे उभी राहिली तर शेपूट तळाला टेकणार. ज्या प्राण्याची जात एका दिवसात शंभर किलोमीटरहून अधिक अंतर सहज कापते आणि शेकडो मीटर खोल बुडी मारते, तिने आयुष्य एवढ्यात काढलं. तिच्यासोबतचा नर ह्यूगो टँकच्या भिंतींवर डोकं आपटत असे. 1980 साली मेंदूतली रक्तवाहिनी फुटून तो मेला. त्यानंतर टोकिटेला तिच्या जातीचं कुणीही कधी भेटलं नाही. मार्च 2023 मध्ये तिला मूळच्या पाण्यात न्यायची घोषणा झाली. पण त्याआधीच, ऑगस्टमध्ये ती मेली.

इथे कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, आता पिल्लं टँकमध्येच जन्मतात, त्यांना समुद्र ठाऊकच नाही, मग त्यांना कसली उणीव? बंदिवासाच्या बाजूचा हा सर्वांत मजबूत मुद्दा आहे, असं मलाही वाटतं. पण टँकमध्ये जन्मल्याने शरीर बदलत नाही. तोच मेंदू, तेच आवाजाने बघणारं डोकं, तेच दूर पोहण्यासाठी घडलेलं अंग. बंदिवासातल्या प्रौढ नर ऑर्कांचा पाठीवरचा पर कललेला दिसतो. कितीतरी ऑर्कांचे दात काँक्रीट आणि लोखंडी दारं चावून झिजलेले, तुटलेले असतात. समुद्र न बघितलेले ऑर्काही भिंत चावतात. डॉल्फिन एकेक आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीतून भोवतालचं जग वाचतो. समुद्रात ते जग क्षणोक्षणी बदलतं, आणि टँकमध्ये पहिल्या दिवशी जी भिंत जिथे होती तीच भिंत शेवटच्या दिवशीही तिथेच असते.

डॉल्फिनांच्या आठवणीबद्दलचं एक संशोधन मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते, जवळपास नावासारखी. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पूर्वी एकत्र राहिलेल्या डॉल्फिनची शीळ ऐकवली तर दुसरा डॉल्फिन ती वीस वर्षांनंतरही ओळखतो. हा प्रयोग जमला तो प्रजननासाठी डॉल्फिनांना एका संस्थेतून दुसरीकडे हलवण्याची पद्धत होती म्हणून. ताटातूट आम्हीच केली आणि ती त्यांच्या लक्षात राहते हेही आम्हालाच कळलं. टँकमध्ये जन्मलेल्याला काही उणीव नसते असं म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लोकांना प्रेम कसं वाटणार, असं म्हणतात. यात इतिहासाचा आधार आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. 1960 च्या सुमाराला ऑर्काकडे लोक चक्क शत्रू म्हणून बघत. 1961 साली कॅनडाच्या मत्स्य विभागाने ब्रिटिश कोलंबियात ऑर्कांना मारण्यासाठी किनाऱ्यावर मशीनगन बसवली होती (ती चालवली गेली नाही). 1964 मध्ये व्हँकुव्हर मत्स्यालयाला ऑर्काचा पुतळा करायचा होता, त्यासाठी नमुना म्हणून एक ऑर्का मारायला माणूस पाठवला. हार्पून लागूनही तो ऑर्का जगला, त्याला ओढून बंदरात आणलं, आणि तो इतका शांत निघाला की बघायला आलेल्यांची मतं पालटली. तो तीनेक महिन्यांत मेला. मोबी डॉल म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या ऑर्काने आणि त्याच्यानंतर पकडलेल्यांनी माणसांच्या मनातली भीती घालवली, हे खरं आहे. आरशात डॉल्फिन स्वतःला ओळखतात हे 2001 साली सिद्ध झालं तेही न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या डॉल्फिनांवरच्या प्रयोगातून.

पण यातून काय निघतं? ज्या ज्ञानामुळे हा प्राणी कोण आहे हे कळलं, त्याच ज्ञानाने त्याला कोंडून ठेवणं अवघड करून ठेवलं. आरशाचा तो प्रयोग करणाऱ्या दोघींपैकी लॉरी मॅरिनो यांनी पुढे बंदिवासातल्या प्राण्यांवर संशोधन करणं सोडलं आणि आज त्या नोव्हा स्कोशियात व्हेलसाठी सागरी अभयारण्य उभं करायच्या प्रकल्पात आहेत. आता पाण्याखालचे मायक्रोफोन आहेत, ड्रोन आहेत. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात 1970 पासून मोकळ्या डॉल्फिनांचा पिढ्यान् पिढ्या अभ्यास चालू आहे. संगीताच्या तालावर उडी मारून मासा गिळणारा डॉल्फिन बघून पोरांना यातलं काय कळणार? उलट त्याच्या जबड्याची ठेवणच हसरी असल्याने तो खूश आहे अशी चुकीची समजूत मात्र पक्की होते.

माणसांच्या जिवाचा मुद्दा थोडक्यात. मोकळ्या समुद्रात ऑर्काने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. बंदिवासात चार माणसं गेली, त्यांतली तीन टिलिकम या एका नराच्या टँकमध्ये. 1983 साली आइसलँडजवळ पकडला तेव्हा तो साधारण दोन वर्षांचा होता. 2010 च्या तिसऱ्या मृत्यूनंतरही तो पुन्हा शोमध्ये दिसला.

आता ज्यावर फार कमी बोललं जातं ते. 'सगळ्यांना समुद्रात सोडून द्या' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. कैकोचं उदाहरण बघा. 1979 साली आइसलँडला पकडलेला हा ऑर्का 1993 च्या एका हॉलिवूडपटामुळे जगभर माहीत झाला, लोकांनी पैसे उभे केले, 1998 मध्ये त्याला आइसलँडला परत नेलं. 2002 साली तो स्वतः पोहत नॉर्वेपर्यंत गेला. पण दुसऱ्या ऑर्कांमध्ये तो कधी मिसळला नाही, माणसंच शोधत राहिला आणि डिसेंबर 2003 मध्ये न्यूमोनियाने मेला. त्याला परत नेलं हे बरोबरच झालं, शेवटची वर्षं तो समुद्रात होता. पण वीस वर्षांपूर्वी तोडलेली नाळ माणसाला पुन्हा जोडता येत नाही. 2019 साली शांघायहून आइसलँडच्या त्याच खाडीत, जिथे कैकोला ठेवलं होतं, नेलेल्या दोन बेलुगांना (पांढऱ्या व्हेलना) तिथली सवय लावणंही अपेक्षेपेक्षा खूप अवघड गेलं. त्यांना आतल्या तलावात परत आणावं लागलं.

कायदे होताहेत. भारताने 2013 मध्ये डॉल्फिनॅरियमना परवानगी नाकारली (डॉल्फिनला 'व्यक्ती'चा कायदेशीर दर्जा दिला असं जे फिरतं ते खरं नाही, परिपत्रकात शास्त्रज्ञांच्या मताचा उल्लेख होता). कॅनडाने 2019 मध्ये, फ्रान्सने 2021 मध्ये, मेक्सिकोने 2025 मध्ये कायदा केला. मला याचा आनंद आहे, पण कायद्यानंतर जे घडतंय ते बघवत नाही. कॅनडातली शेवटची बंदिस्त ऑर्का किस्का 2011 पासून एकटी होती आणि 2023 मध्ये एकटीच मेली. फ्रान्समधलं आंतीबचं मरीनलँड जानेवारी 2025 मध्ये बंद झालं आणि विकी व तिचा मुलगा कैजो महिनोन् महिने त्या ओस पडलेल्या पार्कमध्येच राहिले, कारण जायचं कुठे हेच ठरेना. दोघंही त्याच पार्कमध्ये जन्मलेले. ऑन्टॅरियोच्या मरीनलँडमधल्या 30 बेलुगांना चीनच्या पार्कमध्ये पाठवायला सरकारने 2025 मध्ये नकार दिला. पार्कने सांगितलं, पैसे नाहीत, मग मारावं लागेल.

तो नकार तत्त्वतः योग्य होता. पण 30 जिवंत बेलुगा समोर असताना नुसता नकार देऊन हात झटकणं योग्य नाही. नैतिकतेचा प्रश्न शो बंद झाल्यावर संपत नाही, उलट तिथून महाग होतो. एका डॉल्फिनची जबाबदारी चाळीस-पन्नास वर्षांची असते. माझ्या मते क्रम असा हवा: आधी प्रजनन बंद, म्हणजे ही शेवटची पिढी ठरेल, मग या प्राण्यांवर ज्यांनी नफा कमावला त्यांच्याकडून निधी, त्यातून समुद्रातच जाळी लावून राखलेल्या खाड्या, जिथे डॉक्टर आणि मासे असतील पण पाणी, भरती-ओहोटी आणि जागा खरी असेल. आणि ज्या वयस्कर किंवा आजारी प्राण्याला हलवणं झेपणार नाही, त्याला आहे तिथेच, प्रेक्षकांशिवाय, सोबतीसह सांभाळायचं.

सील आणि सी लायन यांच्याबाबत मी एवढी ठाम नाही. ते जमिनीवरही येतात, आणि आंधळे झालेले किंवा जाळ्यात जखमी झालेले प्राणी सांभाळणारी केंद्रं खरंच गरजेची आहेत. चेंडू नाकावर तोलायला लावणं मात्र तिथेही नको. संवर्धनासाठी पकडणं हाही वेगळा विषय. तोही सोपा नाही: 2017 साली मेक्सिकोत जवळजवळ नामशेष झालेल्या वाकीटांना (डॉल्फिनसारख्या दिसणाऱ्या छोट्या सागरी प्राण्यांना) वाचवण्यासाठी पकडायला गेले, तर एक मादी ताणानेच मेली आणि मोहीम थांबवावी लागली.

तर शोला जाऊ नका. हॉटेलांमध्ये 'डॉल्फिनसोबत पोहा' म्हणून जे चालतं त्यालाही नको. मेक्सिकोतला कायदा अशाच एका हॉटेलातल्या शोमध्ये जखमी झालेल्या डॉल्फिनमुळे पुढे आला. बोटीतून बघायला जाणार असाल तर इंजिनचा आवाज त्यांच्या शिकारीत अडथळा आणतो, तेव्हा अंतर पाळणारा बोटवालाच निवडा. जिथे किनाऱ्यावरून दिसतात तिथे किनाऱ्यावरूनच बघा. आणि एखादी जागा स्वतःला बचाव केंद्र म्हणवत असेल तर तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: इथे पिल्लं जन्माला घालतात का, आणि बरे झालेले किती प्राणी परत सोडले? पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला गुळमुळीत उत्तर आलं, तर तिथून परत फिरा.