गोव्याहून बेळगावला जाताना सेसना 172 या छोट्या विमानाचा क्रूझ आरपीएम (सरळ, स्थिर उड्डाणात इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती ठेवावा?

एकच आकडा पाठ करू नका, हँडबुकातला क्रूझ तक्ता उघडा. एप्रिलात दाभोळीला, म्हणजे गोव्याच्या विमानतळावर, 33 अंश म्हणजे प्रमाण वातावरणापेक्षा (समुद्रसपाटीला 15 अंश) 18 अंश जास्त, तेव्हा तक्त्यातला 20 अंश जास्तचा रकाना बघायचा. गरम हवेत तेवढ्याच टक्के पॉवरला आरपीएम थोडा जास्त लागतो. मी 65 टक्के पॉवर धरतो. 75 वर नेलं तर इंधन साधारण 15 टक्के जास्त जातं, वेग जेमतेम 5 टक्के वाढतो. एवढ्याशा अंतरात जेमतेम मिनिटभर वाचतं म्हणा!

घाटाची उंची गाठून विमान स्थिरावलं की मिक्श्चर, म्हणजे हवेत मिसळणारं इंधन, कमी करायचं. लाल नॉब हळूहळू बाहेर फिरवा. इंजिन खडखडलं की थोडा आत, आवाज गुळगुळीत होईपर्यंत. उतरायला लागताना तो परत आत ढकलत जायचं, हे बरेच जण विसरतात.