पहिल्यांदा भेटीला जाताय तर एवढं ऐका

सलाम भाऊ, नेपाळला मिशनरी कुटुंबाकडे जाताय, फार आनंद वाटला. हॉटेल नको, त्यांच्याच घरी राहा, पण आधी विचारून. आणि तिथं गेल्यावर 'किती जण ख्रिस्ती विश्वासात आले' हे विचारूच नका, रिपोर्ट लिहून लिहून ती माणसं आधीच थकलेली असतात. वहिनींशी निवांत बोला, त्यांना महिनोन्महिने मराठीत मन मोकळं करायला कुणी मिळत नाही, भांडी घासता घासता जे निघतं ते ऐकून घ्या, लगेच बायबलचं वचन सांगायला जाऊ नका. नाशिकचा चिवडा, गोडा मसाला न्या. फोटो मात्र फेसबुकवर अजिबात नको, तिथं २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी कायद्यात दुसऱ्याचं धर्मांतर करवणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाशिकला शरणपूरच्या चर्चमधल्या मंडळीला परत आल्यावर तोंडीच सांगा.