फिजिक्सची सूत्रं पाठ आहेत, पण गणितात कुठलं लावायचं तेच कळत नाही. काय करू?

प्रश्न थोडक्यात असा: "खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून दहावी झाली. आता बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) पहिल्या वर्षाला सायन्स घेतलंय, सगळं इंग्रजीत. गती, ऊर्जा आणि दोलन या धड्यांची सूत्रं तोंडपाठ आहेत, पण गणित समोर आलं की हात चालत नाही. क्लास लावू की सायन्स सोडू?"

सायन्स सोडू नकोस. क्लासचं नंतर बघू.

मीही खानापूरकडचीच. सकाळची बस पकडून बेळगावात पीयूसीला यायचे. पहिल्या टेस्टला फिजिक्सात ३५ पैकी ९ पडले. पेपर वाटताना सरांनी भर वर्गात विचारलं, "मराठी मीडियम का?" आणि बाकीची पोरं हसली. वर्षभर मला वाटत राहिलं की माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून गणितं सुटत नाहीत. पुढं माझ्या लक्षात आलं की इंग्रजी माध्यमातल्या निम्म्या पोरांनाही ती सुटत नव्हती, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता संध्याकाळी माझ्या घरी आठ-दहा पोरं शिकायला येतात, त्यामुळे हा घोटाळा रोज बघते. तुला 'तू' म्हणते, चालेल ना?

तू गणित वाचून 'काय दिलंय' ते शोधतोस आणि त्याला जुळणारं सूत्र आठवायला लागतोस. मी पोरांना उलटं करायला लावते. काय दिलेलं नाही आणि विचारलेलंही नाही, ते आधी शोध. सूत्र बहुतेक वेळा त्यावरूनच ठरतं.

गतीच्या धड्यात गोष्टी पाचच: सुरुवातीचा वेग (यू), शेवटचा वेग (व्ही), त्वरण (ए), वेळ (टी) आणि विस्थापन (एस). प्रत्येक समीकरणात यातल्या चारच असतात, एक गायब. 'व्ही = यू + एटी' मध्ये विस्थापन नाही. 'एस = यूटी + अर्धा एटी वर्ग' मध्ये शेवटचा वेग नाही. 'व्ही वर्ग = यू वर्ग + २एएस' मध्ये वेळ नाही. गणितात ज्याचं नावच नाही, तेच ज्या समीकरणात नाही, ते उचलायचं. संपलं.

समज, चोर्ला घाटाच्या रस्त्यावर कुणी ताशी ३६ किलोमीटरनं गाडी चालवतोय. पुढं म्हैस आडवी आली, ब्रेक मारला, त्वरण उलट्या दिशेला ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी किती अंतरात थांबेल? या गोष्टीत वेळेचं नाव नाही, म्हणून तिसरं समीकरण. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, अंतर आलं १० मीटर. आता तोच माणूस ताशी ७२ नं येत होता म्हण. दहातली आठ पोरं पटकन '२० मीटर' म्हणतात. उत्तर ४० आहे. वेग दुप्पट, अंतर चौपट. (शिवाय म्हैस दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी जेवढी पुढं जाते ते अंतर वेगळंच.)

आता याच समीकरणात यू वर्ग डावीकडे ने, मग दोन्ही बाजूंना वस्तुमानानं गुण आणि दोननं भाग. डावीकडे येतं गतिज ऊर्जेतला फरक, उजवीकडे बल गुणिले विस्थापन, म्हणजे कार्य. ऊर्जेचा अख्खा धडा 'वेळ नसलेल्या' समीकरणातून निघाला की! हे मला कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं. मी एकदा वहीच्या मागच्या पानावर सहज करत बसले होते आणि बस तिसऱ्या रेल्वे गेटापाशी अडकली होती. गेट उघडलं तेव्हा डोक्यातही काहीतरी उघडलं. तेव्हापासून गणितात वेळ दिसली नाही की मी आधी ऊर्जेकडे वळते.

गोकाकचा धबधबा तू पाहिला असशीलच. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. हवेचा अडथळा सोडून दिला तर पाणी तळाला किती वेगानं पोचेल? वेळ नाही, म्हणून ऊर्जा. वरची स्थितिज ऊर्जा खाली गतिज झाली, वस्तुमान दोन्हीकडून उडालं आणि वेग आला सेकंदाला जवळजवळ ३२ मीटर, म्हणजे ताशी ११५ किलोमीटर. खरं पाणी वाटेत फुटून फवारा होतं, त्यामुळे एवढा वेग त्याला मिळत नाही. तेच 'किती वेळात पोचेल' असं विचारलं, तर मात्र गतीच्या समीकरणाकडे परत यायचं. सव्वातीन सेकंद.

मग मी पोरांना पुढचा प्रश्न विचारते. खाली आपटून पाणी संथ झालं, तर ती ऊर्जा गेली कुठं? एकजण हमखास म्हणतो, "कायकी टीचर, संपली." संपत नाही, पाणी तापतं. एक किलो पाण्यामागे ५१० ज्यूल, आणि एक किलो पाणी एक अंश तापवायला सुमारे ४२०० लागतात. म्हणजे सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली तरी ते जेमतेम ०.१२ अंश तापणार. नदीला पाणी किती होतं ते दिलेलं नाही, आणि लागतही नाही. पावसाळ्यातला पूर असो की उन्हाळ्यातली धार, उत्तर तेच.

भाषेचं थोडं बोलते. आपल्या घरी ट्रॅक्टरमध्ये 'पावर' असते, बैलात 'ताकद', पैलवानात 'शक्ती' आणि झोक्याला 'जोर' द्यायचा असतो. बोलताना हे सगळं जवळपास एकच. फिजिक्सात बल वेगळं, ऊर्जा वेगळी, शक्ती वेगळी. ५० किलोची गोणी डोक्यावर घेऊन हमाल अर्धा तास नुसता उभा राहिला, तर त्यानं गोणीवर केलेलं कार्य शून्य. त्याच्या मानेला विचारशील तर वेगळं उत्तर मिळेल, पण पुस्तकाचं उत्तर शून्य. 'चाल' या शब्दाचं तर विचारूच नकोस. पुस्तकातल्या मराठीत ती स्पीड, आणि आमच्या गावात ती फक्त भजनाला असायची. म्हणून इंग्रजी गणित वाचल्यावर आकडे बाजूला ठेव आणि काय घडलं ते मराठीत कुणाला तरी सांग. मी आजीला सांगायचे. गोळा टेकडीवरून सुटला, घरंगळत आला, स्प्रिंगवर आपटला. आजी विचारायची, "मग? परत वर गेला का?" मुळात विचारायला हवा तो हाच प्रश्न. घर्षण नसेल तर गेला, असेल तर थोडा कमी गेला. एवढं सांगता आलं की कागदावर लिहायला फारसं उरत नाही.

आता दोलन. इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त मार्क इथं जातात.

पंचमीला आपल्याकडे झाडांना झोके लागतात. आमच्या परड्यात चिंचेच्या आडव्या फांदीला नाडा बांधायचे, खाली फळी, आणि दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवायच्या. फांदीपासून अंगाच्या मध्यापर्यंत ४ मीटर धर. एक पूर्ण येरझार किती वेळात? 'टू पाय रूट एल बाय जी' मध्ये (एल म्हणजे लांबी, जी म्हणजे गुरुत्वत्वरण) घातलं की जवळजवळ ४ सेकंद येतात. पायचा वर्ग आणि जी हे आकडे जवळजवळ सारखेच (९.८७ आणि ९.८), त्यामुळे आवर्तकाल, म्हणजे एका येरझारीचा वेळ, साधारण लांबीच्या वर्गमुळाच्या दुप्पट. १ मीटरला २ सेकंद, ४ मीटरला ४, ९ मीटरला ६. कर्नाटकाच्या सीईटीत एका विषयाच्या ६० प्रश्नांना ८० मिनिटं असतात, तिथं हे कामाला येतं.

या सूत्रात काय नाही ते बघ. वजन नाही. एकटी बसली काय नि दोघी बसल्या काय, वेळ तोच. मात्र बसलेली मुलगी उभी राहिली, तर अंगाचा मध्य वर सरकतो, लांबी कमी होते आणि झोका थोडा लवकर येतो. झोका किती लांब गेला तेही सूत्रात नाही, पण ते फक्त छोट्या झोक्यापुरतं खरं. पंचमीला पोरी काय छोटा झोका घेतात होय! तळापासून सव्वा मीटर उंच गेला तर कोन ४६-४७ अंशांचा होतो आणि वेळ सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. परीक्षेत हे मोजायचं नसतं. तरी 'कोन लहान आहे' हे वाक्य पुस्तकात का छापलंय ते कळलेलं बरं.

याच झोक्याचा तळाचा वेग काढ म्हटलं की पोरं 'व्ही वर्ग = यू वर्ग + २एएस' घेऊन बसतात आणि एसच्या जागी कमानीची लांबी घालतात. तिथं फसतात. गतीची ती समीकरणं त्वरण सगळीकडे सारखं असेल तरच चालतात. झोक्यात ते क्षणोक्षणी बदलतं, स्प्रिंगमध्येही बदलतं. अशा ठिकाणी ऊर्जाच धरायची. सव्वा मीटर खाली आली, वेग सेकंदाला जवळजवळ ५ मीटर. मुलगी ५० किलोची असेल तर तळाशी नाड्याला तिचं ४९० न्यूटन वजन तर पेलायचंच, शिवाय तिला गोल वळवत ठेवायला आणखी ३०६ लागतात. म्हणजे तेवढ्या क्षणापुरता नाडा ८१ किलो उचलतोय. वर टोकाला झोका थांबतो तेव्हा पोरींना भीती वाटते, पण नाडा तुटला तर बहुतेक तळाशीच तुटणार. जुना नाडा आजी का बांधू देत नव्हती ते मला असं, खूप उशिरा समजलं.

स्प्रिंगसाठी भंगारवाल्याचा काटा आठव. आई एकदा पितळेची जुनी घागर विकत होती. त्यानं घागर आकड्याला अडकवून हात सोडला. काटा झपकन ४ किलोवर गेला, परत वर, परत खाली. तो '४' म्हणाला असता तर आमचा फायदा होता, पण आईच म्हणाली, "थांब की रे, काटा थांबू दे." थांबला तो २ वर.

असं का? २ किलोला स्प्रिंग ४ सेंटिमीटर ताणते समज. स्थिर असताना वजन आणि स्प्रिंगची ओढ सारखी, म्हणून एक्स (स्प्रिंग किती ताणली ते) बरोबर एमजी भागिले के, के म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा. एकदम सोडली तर घागर ४ सेंटिमीटरवर पोचते तेव्हा तिला वेग असतो, ती तिथं थांबत नाही. सगळ्यात खाली वेग शून्य, तिथं ऊर्जा मांडायची: 'एमजीएक्स = अर्धा के एक्स वर्ग'. एक्स दुप्पट येतं, ८ सेंटिमीटर. पोरं ही दोन समीकरणं एकमेकांत मिसळतात आणि उत्तर नेमकं अर्धं किंवा दुप्पट चुकतं. 'शेवटी थांबली' म्हणजे बलांचा तोल. 'क्षणभर थांबली' म्हणजे ऊर्जा. गणितात कुठलं थांबणं आहे ते इंग्रजी वाक्यातून ओळखायला शीक, 'मॅक्सिमम' शब्द दिसला तर ते बहुतेक दुसरं.

आणि घागरीचं दोलन किती सेकंदाचं? पेपरात कधी कधी फक्त 'स्प्रिंग ४ सेंटिमीटर ताणली' एवढंच देतात. वस्तुमान नाही, के नाही. पोरं 'डेटा कमी आहे' म्हणून सोडून देतात. पण स्प्रिंगचं सूत्र 'टू पाय रूट एम बाय के', आणि एम भागिले के म्हणजेच स्प्रिंग जेवढी ताणली ती लांबी भागिले जी, त्यामुळे आवर्तकाल ०.४ सेकंद. ४ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा असेल तेवढाच.

बाकी किरकोळ. ताशी किलोमीटर आधी सेकंदाच्या मीटरमध्ये आण, ३.६ नं भागून. दिशा एकदा ठरवलीस की मध्ये बदलू नकोस. आणि सरासरी वेग म्हणजे वेगांची सरासरी नव्हे: खानापूर-बेळगाव २६ किलोमीटर धरून बस अर्धं अंतर ४० नं आणि अर्धं २० नं आली, तर सरासरी ३० येत नाही, २६.७ येते. कारण सावकाश चालताना ती जास्त वेळ चालते.

क्लास लावायचा तर लाव, पण त्याआधी एवढं एक करून बघ. झोका नाडा आडवा होईपर्यंत वर नेला आणि तिथून नुसता सोडला. तळाशी नाड्यावर ताण मुलीच्या वजनाच्या किती पट? नाड्याची लांबी मी मुद्दामच दिलेली नाही. तुझ्या उत्तरात ती उरली असेल, तर एकदा परत मांड.