करारात अजून ‘डीएटी’ (डिलिव्हर्ड ॲट टर्मिनल) आहे, आता ‘डीपीयू’ लिहायचं का?

नवीन करारात ‘डीपीयू’च (डिलिव्हर्ड ॲट प्लेस अनलोडेड, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी माल उतरवून देणं) लिहा, पण जुन्या करारात ‘इन्कोटर्म्स २०१०’ असं स्पष्ट म्हटलं असेल तर त्यातला डीएटी आजही चालतो. इन्कोटर्म्स म्हणजे मालाच्या व्यवहारात खर्च आणि जोखीम कोणाकडे, हे सांगणाऱ्या संज्ञांचे नियम. ते पॅरिसचं इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स काढतं. पहिले १९३६ साली आले, सध्याचे १ जानेवारी २०२० पासून लागू आहेत. डीएटीमधला ‘टी’ म्हणजे टर्मिनल. त्याची व्याख्या तेव्हाही सैलच होती, तरी खरेदीदाराच्या गोदामात माल उतरवून द्यायचा असला की लोक त्या शब्दावर अडायचे. म्हणून टर्मिनल गेलं आणि ‘ठरलेलं कोणतंही ठिकाण’ आलं. माल उतरवायचं काम विक्रेत्याकडेच राहिलं. अकरा संज्ञांपैकी हे बंधन फक्त डीपीयूत आहे.

खरं तर जास्त फसवतो तो ‘एफओबी’ (फ्री ऑन बोर्ड, म्हणजे माल जहाजावर चढवून देणं), कारण नाव तेच आणि अर्थ बदललेला. २००० च्या आवृत्तीपर्यंत मालाने जहाजाचा कठडा ओलांडला की जोखीम खरेदीदाराची व्हायची. २०१० पासून माल प्रत्यक्ष जहाजावर चढल्यावर होते. कंटेनर तर आपण न्हावाशेव्याला यार्डातच सोपवतो, जहाज नंतर लागतं. तिथे ‘एफसीए’ (फ्री कॅरिअर, म्हणजे माल वाहतूकदाराकडे सोपवणं) बरा.

एक मात्र बघा: एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेची पैशांची हमी) आधीच उघडली असेल तर नुसत्या इनव्हॉइसवर संज्ञा बदलू नका. कागद जुळले नाहीत की बँक डिस्क्रेपन्सी (तफावत) काढते. आधी एलसीत दुरुस्ती करून घ्या.