शून्य टक्क्याचा कंत्राटदार आणि फोनवरचा आदेश

सरकारी खरेदी आणि आस्थापना या विषयांवर येणारी बहुतेक पत्रं एकाच साच्याची असतात. काम होऊन गेलेलं असतं, कागद झालेला नसतो आणि लेखापरीक्षण तोंडावर आलेलं असतं. म्हणून पुन्हा एकदा एकत्र उत्तरं देतो. इथलं उत्तर म्हणजे तुमच्या फाईलवरचा अभिप्राय नव्हे. तो तुमच्या लेखा शाखेकडूनच घ्यायचा.

प्रश्न : कार्यालयाचा जनरेटर बंद पडला. साहेबांनी फोनवर सांगितलं, "आजच दुरुस्त करून घ्या, फाईल नंतर बघू." दुरुस्ती झाली. आता साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब अडवणूक करतात, बिलावर सही करत नाहीत. रक्कम माझ्यावर बसेल का? (वरिष्ठ लिपिक, तालुका कार्यालय)

बसू शकते. नवे साहेब अडवणूक करतात असं तुम्ही लिहिलंय, पण त्यांच्या जागी मी असतो तरी डोळे झाकून सही केली नसती. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला तिसरा नियम काढून वाचा. वरिष्ठांचे निर्देश शक्य तिथे लेखी घ्यायचे आणि ते शक्य नसेल तर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवायची, असं त्यात आहे. २०१३ साली टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर कारभार चालवू नये. तरी प्रत्येक कार्यालयात "साहेबांना लेखी कसं मागायचं?" हा संकोच आहेच. मागू नका, कळवा. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ई-मेल टाकायचा : "आज दुपारी दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशांनुसार जनरेटरची दुरुस्ती करून घेत आहे, कृपया अवलोकनार्थ." यात कुणाचा अपमान होत नाही.

आता निस्तरायचं तर कार्योत्तर मंजुरीचा, म्हणजे काम झाल्यावर घ्यायच्या मंजुरीचा, प्रस्ताव करा. सोबत जनरेटरचं लॉगबुक, मेकॅनिकचं जॉबकार्ड, बदललेल्या जुन्या भागाची जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीतली नोंद आणि आधीच्या साहेबांचं लेखी पुष्टीपत्र जोडा. शेवटचा कागद मिळवण्यासाठी थोडे हेलपाटे घालावे लागतील. कार्योत्तर मंजुरी हा हक्क नाही, ती नाकारलीही जाऊ शकते. म्हणून प्रस्ताव वर पाठवण्याआधी लेखाधिकाऱ्यांना मसुदा दाखवा.

प्रश्न : तीन दरपत्रकं एकाच दुकानदाराने आणून दिली तर चालतात का? (मुख्याध्यापक)

नाही.

आणि हे लपतं असं समजू नका. तीन लेटरहेड वेगळी, पण तिन्हींवर "झेराॅक्स पेपर"ची चूक सारखीच, तारखा एकाच शाईत आणि दर बरोबर पन्नास-पन्नास रुपयांनी चढते. लेखापरीक्षक हे कागद खिडकीजवळ नेऊन बघतो.

प्रश्न : ई-निविदेची मर्यादा ओलांडू नये म्हणून एकाच वस्तूचे चार वेगळे पुरवठा आदेश काढले. प्रत्येक आदेश मर्यादेच्या आतच आहे. (वसतिगृह अधीक्षक)

हे मागणीचे तुकडे पाडणं झालं. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत १५७ वा नियम यासाठीच आहे, आणि राज्यातही तत्त्व तेच. राज्याच्या कार्यालयांना १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदी नियमपुस्तिका आणि तिच्यातल्या पुढच्या सुधारणा लागू आहेत. आजची मर्यादा नेमकी किती, हे व्हॉट्सॲपच्या गटात विचारू नका, ताजा शासन निर्णय काढा.

प्रश्न : मी सरकारी रुग्णालयात कंत्राटदारामार्फत डेटा एंट्री ऑपरेटर आहे. तीन महिने पगार नाही. पीएफ कापतात पण पासबुकात दिसत नाही. कार्यालय म्हणतं, "तुम्ही आमचे नाही, कंत्राटदाराला विचारा." कंत्राटदार म्हणतो, "बिल निघालं नाही." आम्ही जायचं कुठे?

या प्रश्नाला जागा जास्त देणार आहे. पगार तुमचा थांबला असला, तरी रोग निविदा उघडली त्या दिवशीचा आहे.

मनुष्यबळ पुरवठ्याच्या निविदेत पगार, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) हे सगळं ठरलेलं असतं. स्पर्धा उरते ती फक्त कंत्राटदाराच्या सेवाशुल्कावर. मग कुणी शून्य टक्के भरतो. शून्य दराची निविदा विचारात घेऊ नये असा केंद्राचा नियम आला, तसे लोक एक पैसा भरू लागले. मग केंद्राच्या सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर किमान सेवाशुल्क ३.८५ टक्के ठरलं. आता तिथे सगळेच ३.८५ भरतात आणि निवड संगणकाच्या सोडतीवर जाते. नियम एक पाऊल पुढे गेला की पळवाट दोन पावलं पुढे गेलेली असते.

आता साधा हिशेब करा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये धरू. त्यावर मालकाचा पीएफ आणि त्यासोबतची विमा व प्रशासन वर्गणी मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. ईएसआयचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. बोनस ८.३३ टक्के धरला तर आणखी साधारण साडेबाराशे. एवढं ठरलेल्या दरातून निघालं असं समजू. पण गणवेश, रजेवरच्या माणसाच्या जागी बदली माणूस, बँक गॅरंटी हे सेवाशुल्कातूनच भागवायचं. शिवाय बिल अडकलं तर पगार खिशातून द्यायचा आणि त्या पैशावर व्याज भरायचं. एवढं सगळं एक पैशात करणारा दानशूर मला अजून भेटलेला नाही. तो पैसा कुठून तरी काढतोच, आणि काढायची जागा एकच : तुमचा पगार.

पद्धती ठरलेल्या आहेत. एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवायचं आणि बँकेत जमा झालेल्या पगारातून ठराविक रक्कम काढून घ्यायची. कामावर घेताना "डिपॉझिट" मागायचं. पूर्ण महिना राबलेल्या माणसाचे पीएफच्या नोंदीत वीसच दिवस दाखवायचे. कागदावर चाळीस माणसं आणि वॉर्डात चौतीस. सगळ्यात सर्रास चालणारी युक्ती म्हणजे दुसऱ्याच कार्यालयातल्या कामगारांचं पीएफ चलन या बिलाला जोडायचं. चलनावर मोठी रक्कम दिसली की लेखा शाखा बिल पास करते.

म्हणून लेखा शाखेतल्या मंडळींना सांगतो, चलनाची रक्कम बघू नका. चलनासोबतची नावानिशी यादी मागा, तिच्यातले यूएएन (प्रत्येकाचा पीएफचा कायम क्रमांक) हजेरीपटावरच्या नावांशी एकेक करून लावा, चलनाचा महिना आणि बिलाचा महिना एकच आहे का ते तपासा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. मागच्या महिन्याचा पुरावा नसेल तर या महिन्याच्या बिलावर आक्षेप नोंदवा. चाळीस नावांना फार तर एक दुपार लागते. ती दुपार कुणी देत नाही.

"तुम्ही आमचे नाही" हे वाक्य तर बंदच झालं पाहिजे. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मुख्य नियोक्त्यावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. कार्यालयाने पगार थेट द्यावा आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळता करावा, यासाठीच ती तरतूद आहे. पण त्यासाठी कार्यालयप्रमुखाला सही करावी लागते. निविदा उघडली त्या दिवशी "शासनाची बचत झाली" म्हणणारे अधिकारी पगार थकल्यावर नेमके दौऱ्यावर असतात.

तुम्ही काय करायचं? हजेरीची स्वतःची नोंद ठेवा, बायोमेट्रिकचा फोटो किंवा ड्युटी चार्ट जपून ठेवा. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून त्याची प्रत काढा. कार्यालयप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्याच अर्जाच्या प्रती सरकारी कामगार अधिकारी आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला द्या. एकट्याने नको, सगळे मिळून द्या. त्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा संघटनेला कागद दाखवा. "पीएफ काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला आधार आणि ओटीपी अजिबात देऊ नका.

प्रश्न : कंत्राटी म्हणून दहा वर्षं पूर्ण झाली. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना कायम केलं, असा मेसेज आलाय. खरं आहे का?

नाही. २००६ च्या उमादेवी निकालात घटनापीठाने सांगितलं की केवळ बरीच वर्षं काम केल्याने कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर पदांवर, न्यायालयाच्या आदेशाविना दहा वर्षं काम केलेल्यांसाठी फक्त एकदाच करायची सोय त्यात होती. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात न्यायालयाने सुनावलं की सरकारी संस्था उमादेवीची ढाल करून माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवू शकत नाहीत, आणि त्या प्रकरणातल्या कर्मचाऱ्यांना नियमित करायला लावलं. तो आदेश त्या प्रकरणातल्या लोकांपुरता आहे. तुमच्या बाबतीत पद मंजूर होतं का, नेमणूक थेट होती की एजन्सीमार्फत, काम कायम स्वरूपाचं आहे का, यावर सगळं ठरेल. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत भरतीचा शासन निर्णय निघाला आणि ऑक्टोबरमध्ये रद्द झाला, तेव्हाही असेच मेसेज दोन्ही बाजूंनी फिरत होते. नेमणूकपत्रं घेऊन सेवाविषयक वकिलाकडे जा. पत्रं नसतील तर आधी माहिती अधिकारात मागवा.

प्रश्न : आमच्याकडे नियमित अधिकारी नाहीत. अतिरिक्त कार्यभार असलेले साहेब आठवड्यातून एकदा येतात आणि "नियमित अधिकारी आल्यावर बघतील" म्हणून खरेदीच्या फाईली परत करतात.

कार्यभाराचा आदेश काढून वाचा. आहरण-संवितरणाचे (कोषागारातून पैसे काढून वाटण्याचे) आणि वित्तीय अधिकार त्यात स्पष्ट दिलेले आहेत का? नसतील तर ते मागणारं पत्र आजच वर जाऊ द्या. असतील तर हे कारण चालत नाही. बदल्यांचा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा कायदा विलंबाला प्रतिबंध करणाराही आहे. साधारणपणे कोणतीही फाईल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. एका जागी तीन वर्षांच्या मुदतीचं कलम सगळ्यांना पाठ असतं, सात दिवसांचं कुणाला आठवत नाही.

प्रश्न : सर्वांत कमी दराचंच औषध का घ्यायचं? चांगल्या कंपनीचं दोन रुपये महाग असलं तर काय बिघडलं? (वैद्यकीय अधिकारी)

चांगली कंपनी कोणती, हे तुमच्याकडे येणारा प्रतिनिधी ठरवणार का? दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. उत्पादन परवाना, उलाढाल, आधीच्या पुरवठ्याचा इतिहास, काळ्या यादीत नाव आहे का, हे सगळं तिथे गाळायचं आणि उरलेल्यांत दर बघायचा. गाळणी सैल ठेवायची आणि मग सगळा दोष कमी दराला द्यायचा, ही आपली सवय आहे. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचं अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत उघड झालं, ते आठवा. माल आल्यावर नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे आणि अहवाल येईपर्यंत वाटप थांबलं पाहिजे. तामिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ नव्वदच्या दशकापासून याच शिस्तीवर चाललंय. आपण २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या राज्याच्या औषध महामंडळाकडे दिली, औषधं वेळेवर येत नाहीत अशा तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. पण पाटी बदलून तुमचं मागणीपत्र लवकर येत नाही. साठा संपल्यावर मागणी पाठवाल तर कोणतंही प्राधिकरण स्थानिक खरेदीवरच येऊन थांबेल. मागणी किती महिने आधी पाठवायची, हे तुमच्या औषधनिर्मात्याबरोबर (फार्मासिस्टबरोबर) बसून गेल्या वर्षीच्या खपावरून ठरवा.

प्रश्न : ३१ मार्चला निधी परत जाईल म्हणून माल यायच्या आधीच बिल काढलं तर?

काढू नका. निधी व्यपगत होईल या भीतीने कोषागारातून रक्कम काढून ठेवणं हीच अनियमितता आहे. पुरवठादार "माल गोदामात तयार आहे" म्हणतो, तो दरवर्षीच तयार असतो.

प्रश्न : कार्यालयाला फर्निचर बनवून दिलं. नऊ महिने बिल नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे. व्याज मागितलं तर पुढचं काम देणार नाहीत ना? (लघुउद्योजक)

त्या भीतीवर कार्यालयाचं चाललंय. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत लावता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी कार्यालयाला यातून सूट नाही.

मात्र आधी दोन गोष्टी तपासा. नोंदणी पुरवठ्याच्या आदेशाआधीची आहे का? नंतरची असेल तर वाद होतो. आणि तुम्ही माल स्वतः बनवता की विकत घेऊन पुरवता? व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. विलंबित देयकाचं संरक्षण त्यांना नाही. दोन्ही बाबी नीट असतील तर स्वीकृतीची सही असलेलं मालाचं चलन आणि बिलाची पोच जोडून कार्यालयाला लेखी मागणी करा, आणि तरी हलले नाहीत तर केंद्राच्या लघुउद्योग खात्याच्या पोर्टलवरून थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जा. अर्ज भरण्याआधी सनदी लेखापालाकडून व्याजाचा तक्ता करून घ्या. परिषदेत आकडा चुकला की सुनावणी त्या आकड्यावरच अडते. स्वीकृतीची सही नसेल तर आज भांडारपालाकडे जाऊन ती घ्या, त्याचीही बदली होऊ शकते.