पुण्यात एकाच छत्रीवर दोन-तीन उपग्रह धरता येतात का? कुठली छत्री घ्यावी आणि कशी बसवावी?

तुम्ही लिहिलंय की धायरीला चार मजली इमारतीत सगळ्यात वर राहता, गच्ची वापरायला सोसायटीची हरकत नाही, ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाचं पैसे भरायचं डीटीएच चालू आहे आणि आता आईसाठी डीडी फ्री डिश हवं आहे. दोन्ही एकाच छत्रीवर बसेल का, पुढेमागे तिसरा उपग्रह जोडता येईल का, आणि ६० सेंटिमीटरची पुरेल की ९० ची घ्यावी, हे तुमचे प्रश्न.

दोन्ही बसतं. माझ्या गच्चीवर हीच जोडी गेली कित्येक वर्षं एका छत्रीवर चालू आहे. छत्री ९० चीच घ्या. ६० ची घेऊ नका, याचं कारण फक्त सिग्नलची ताकद नाही. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर बसणारे सिग्नल पकडणारे डबे, शेजारी शेजारी मावायला जागा लागते, ते मोठं कारण आहे.

डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून येतं, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. तुमचं चालू कनेक्शन ८३ अंशावर. कागदावर फरक साडेदहा अंशांचा. पण आपण पृथ्वीच्या केंद्रात नाही, पृष्ठभागावर उभे आहोत, उपग्रहांना थोडे जवळ. त्यामुळे पुण्यातून हे अंतर जवळजवळ १२ अंश दिसतं. ९० च्या छत्रीवर दोन एलएनबींच्या तोंडांत मग ११-१२ सेंटिमीटर अंतर पडतं. एलएनबीची रुंदी सहा सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर आरामात जागा आहे. उद्या ८८ अंशावरचा उपग्रह मधे आणायचा ठरवलात, तर हेच अंतर निम्मं होतं आणि एलएनबी एकमेकांना खेटून का होईना, बसतात. ६० च्या छत्रीवर ते अंतर चार सेंटिमीटरवर येतं. तिथे तिसरा एलएनबी बसूच शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंटरनेटवर एका छत्रीवर अनेक एलएनबी लावायचे जे व्हिडिओ आणि फोटो मिळतात, त्यांतले बरेचसे युरोपातले असतात. त्यात एलएनबी धरणारी पट्टी जवळजवळ आडवी असते आणि एलएनबी एका रांगेत बसलेले दिसतात. ते बघून मीही पहिल्यांदा पट्टी आडवी लावली. एक उपग्रह लगेच मिळाला, दुसऱ्यासाठी मी दोन रविवार घालवले आणि शेवटी एलएनबी खराब आहे असं समजून नवा आणला. एलएनबी चांगला होता. चूक पट्टीच्या कोनाची होती.

पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. आपल्याकडे हे उपग्रह डोक्यावर बरेच उंच येतात, आणि त्यांची रांग आपल्याला आडवी न दिसता तिरकी दिसते. आकडे सांगतो. जीसॅट-१५ पुण्याहून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, क्षितिजापासून ५९ अंश उंच आहे. ८३ अंशावरचे उपग्रह १५३ अंशांवर, ६६ अंश उंच. म्हणजे एक उपग्रह दुसऱ्यापेक्षा डावीकडे तर आहेच, शिवाय सात अंश खालीही आहे. या दोघांना जोडणारी रेघ आडव्यापासून ३६ अंश कललेली येते. पट्टी तेवढीच कललेली हवी. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड करा: पट्टीचं उजवं टोक वर, डावं खाली. छत्री आरशासारखं उलटं दाखवते, म्हणून डावीकडच्या खालच्या ९३.५ चा एलएनबी उजवीकडे वर येतो, आणि ८३ चा डावीकडे खाली. हे एकदा कागदावर काढून बघा, मग गच्चीवर गोंधळ होणार नाही.

बाजारात मिळणारी तयार पट्टी बहुतेक वेळा आडवीच बसते. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून घेतली, मधे एक भोक आणि दोन्ही बाजूंना लांबट खाचा, म्हणजे एलएनबी सरकवता येतो.

दुसरा कोन खुद्द एलएनबीचा, आणि याकडे बसवणारी माणसंही नीट लक्ष देत नाहीत. उपग्रह काही चॅनेल उभ्या लहरींवर पाठवतो, काही आडव्या, याला ध्रुवीकरण म्हणतात. ते वेगळे ओळखायचे, तर एलएनबी स्वतःभोवती फिरवावा लागतो. पुण्यात ९३.५ साठी हा कोन ४५ अंशांच्या जवळ येतो, ८३ साठी २५ च्या आसपास. फिरवायचा छत्रीच्या मागून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने. ४५ अंश ही सगळ्यात वाईट जागा आहे. एलएनबी सरळ ठेवलात तर उभी आणि आडवी लहर दोन्ही सारख्याच शिरतात आणि एकमेकांवर कुरघोडी करतात. सिग्नल भरपूर दिसतो आणि चित्र मात्र तुटतं, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. पट्टी ३६ अंश कललेली असेल आणि एलएनबी तिला काटकोनात बसवले असतील, तर प्रत्येकाला जेमतेम दहा अंश इकडेतिकडे फिरवायचं उरतं. हे आकडे सुरुवातीचे आहेत. शेवटचा निर्णय मीटरवरच्या क्वालिटीचा.

छत्री नेमकी कुठे रोखायची? बहुतेक लोक एक उपग्रह केंद्रात घेतात आणि दुसरा बाजूला. तुमच्या जोडीसाठी मी वेगळं सुचवतो: छत्री ८८ वर रोखा, तुम्हाला तिथलं काही बघायचं नसलं तरी. ८३ आणि ९३.५ यांच्या जवळजवळ मध्यावर तो पडतो. दोन्ही एलएनबी केंद्रापासून सहा-सहा अंशच बाजूला राहतात, त्यामुळे नुकसान वाटून जातं आणि पावसात दोघंही सारखेच टिकतात. मधल्या भोकात आधी एक एलएनबी तात्पुरता लावायचा, ८८ चा सिग्नल मिळवून छत्री घट्ट करायची आणि मग तिला हात लावायचा नाही. पुढचं सगळं काम एलएनबी सरकवून होतं. ८८ वर डी२एच चालतं, त्याचे चॅनेल तुमच्या बॉक्सवर उघडणार नाहीत, पण कुलूपबंद ट्रान्सपॉन्डरची (उपग्रहावरून चॅनेलचा एक गठ्ठा पाठवणाऱ्या यंत्राची) सुद्धा क्वालिटीची पट्टी दिसते. आपल्याला तेवढंच हवं आहे.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ बघून खूश होऊ नका. केबल आणि एलएनबी जोडलेले असले की ती भरते, छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी. क्वालिटी बघा. आणि हात हलवून एकदम फिरवू नका. एक-दोन मिलिमीटर सरकवायचं, तीन-चार सेकंद थांबायचं, बॉक्सला उमजायला वेळ लागतो. ९३.५ शोधताना शेजारचा ९५ अंशावरचा उपग्रह हमखास मधे येतो, तो दीड अंशावरच आहे. क्वालिटी आली म्हणजे काम झालं असं समजू नका. सह्याद्री लागतंय का ते बघा, मगच बोल्ट आवळा.

दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघायला हरकत नाही, कारण पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. फक्त लोखंडी खांबापासून दोन-तीन पावलं लांब उभे राहून बघा. आणि खांब ओळंब्यात हवा. दोन बाजूंनी ओळंबा सोडून बघा. खांब कललेला असेल, तर वर दिलेले सगळे आकडे निरुपयोगी होतात.

छत्री घेताना माझं एक म्हणणं आहे. तपकीर गल्लीत किंवा जिथे घ्याल तिथे, दोन दोरे घेऊन जा. छत्रीच्या कडेवर एक उभा, एक आडवा ताणून धरा. मधे जिथे ते एकमेकांना ओलांडतात, तिथे टेकायला हवेत. मधे फट राहिली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला, तर कडा पिळलेली आहे, ती छत्री घेऊ नका. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटर असते. पाच-सात मिलिमीटरचा पोचा डोळ्याला किरकोळ वाटतो, सिग्नलला नाही.

गच्चीवर कुठे बसवायची याबद्दल कळकळीने सांगतो. फरशीला ड्रिल मारू नका. आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा आणि वर चायना मोझेक असतो, आणि वॉटरप्रूफिंग त्याच्यातच असतं. मी तरुणपणी चार फास्टनर मारून छत्री रोवली होती. पुढच्या पावसाळ्यात खालच्या घरातल्या काकूंच्या स्वयंपाकघरात छताला ओल आली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुरुस्ती माझ्या पैशाने करूनही मला आजही त्यांच्याकडे बघताना वाईट वाटतं. कठड्याच्या आतल्या बाजूला उभ्या भिंतीत ब्रॅकेट मारा, किंवा लोखंडी चौकट करून तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवा. ९० ची छत्री जूनच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते, तेव्हा वजन कंजुषीने ठेवू नका.

समोरच्या इमारतींची भीती बाळगू नका. उपग्रह इतका उंच आहे की दहा मीटरवरची इमारत छत्रीपेक्षा पंधरा मीटर उंच असली तरी ९३.५ दिसतो. पुण्यात अडथळा बहुतेक वेळा डोक्यावरून येतो: वरच्या बाल्कनीचा स्लॅब, पाण्याची टाकी, पत्र्याची शेड. जागा पक्की करण्याआधी सूर्याची मदत घेता येते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमाराला सूर्य आपल्याला बरोबर जीसॅट-१५ च्या जागी दिसतो, आणि बाराच्या आसपास ८३ च्या. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन असेल, तर वाट मोकळी आहे. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं, तेही सूर्य उपग्रहाच्या मागे आल्यामुळे. बॉक्स बिघडला म्हणून कोणाला बोलावू नका.

केबल आरजी-६, आतली तार शक्यतो शुद्ध तांब्याची. एफ कनेक्टर दाबून बसवायचा, पिळून बसवायचा नाही. एलएनबीजवळ केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. वर रबर टेप गुंडाळा. साधा काळा टेप एका पावसाळ्यात सुटतो. जोडताना बॉक्सचा प्लग काढा, केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि तारेचा एक केस चुकून केबलच्या बाहेरच्या जाळीला लागला तरी बॉक्स जाऊ शकतो.

तुमच्या बाबतीत दोन टीव्ही, दोन बॉक्स आहेत, त्यामुळे डायसेक स्विचची, म्हणजे अनेक एलएनबी एकाच केबलवर आळीपाळीने जोडणाऱ्या डबीची, गरजच नाही. एका एलएनबीची केबल तुमच्या बॉक्सला, दुसऱ्याची आईच्या. एकाच फ्री बॉक्सवर दोन-तीन उपग्रह हवे असतील, तेव्हाच चार तोंडांचा डायसेक घ्यायचा आणि मेनूत प्रत्येक उपग्रहाला त्याचं तोंड नेमून द्यायचं. एलएनबी युनिव्हर्सल घ्या, ९७५०/१०६०० लिहिलेला. चालू कनेक्शनची छत्री कंपनीची असेल, तर तिला न छेडता नवी लावा आणि नीट चालल्यावरच जुनी केबल काढा.

सी-बँडचा, म्हणजे डीटीएचपेक्षा लांब लहरींवर येणाऱ्या चॅनेलचा, विचार मनात असेल, तर तो या छत्रीवर नको. त्याला सहा फुटांची जाळीची लागते. आणि ५जी आल्यापासून जुने सी-बँड एलएनबी त्रास देतात, कारण ५जीचा पट्टा ३.६७ गिगाहर्ट्झपर्यंत आहे आणि ते एलएनबी ३.४ पासून ऐकायला लागतात. घ्यायचाच तर ३.७ ते ४.२ वाला, फिल्टर असलेला घ्या.

फ्री डिशवरचे खासगी चॅनेल लिलावातून येतात आणि बदलत राहतात, तेव्हा आईच्या आवडीचा एखादा गेला तर आधी बॉक्स नव्याने ट्यून करून बघा. छत्रीला हात लावायच्या आधी. आणि सगळं जमलं की एलएनबीच्या क्लॅम्पवर, पट्टीवर, खांबावर ऑइल पेंटने एकेक रेघ ओढून ठेवा. वाऱ्याने काही हललं, तर कुठे परत आणायचं ते दिसतं. माझ्या रेघा दोनदा कामाला आल्यात.